मिटल्या कळीतली वाटणी

ताई,

संपतने तुझ्यासाठी एक निरोप दिला आहे. तो पोचवायला म्हणूनच हे लिहायला बसले, पण लगेच सांगणार नाही. तू असतीस तर एव्हाना म्हणाली असतीस, "बेबी, मुद्द्यावर ये." जन्मभर तुझ्या धाकाने मी माझं बोलणं तासाची घंटा व्हायच्या आत उरकत आले. आता कुठे सवड मिळाली आहे, तर ऐकून घे.

तू माघात गेलीस. होळीही होऊन गेली. परवा गावाकडे निघाले तेव्हा दिंडोरीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी बियाण्याचे कांदे फुललेले होते. कमरेइतके उंच दांडे आणि प्रत्येकाच्या टोकाला चेंडूएवढा पांढरा गोंडा. हे डोंगळे दिसले की बाकीच्यांना यंदा बी कसं होईल ते आठवतं. मला तू आठवलीस, चष्मा कपाळावर ढकलून एकेक गोंडा नाकाजवळ धरून बघणारी. मी एसटीच्या खिडकीकडे तोंड करून रडून घेतलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कांद्याचा वास सोसत नाय का?" मी हो म्हणून टाकलं.

मी पाचवीत होते आणि तू नाशिकला बी.एस्सी. करत होतीस. शनिवारी घरी आलीस आणि फर्मान काढलंस, सकाळी मळ्यातून डोंगळ्याच्या कळ्या आणून दे, कॉलेजात न्यायच्या आहेत. ताईने काम सांगितलं म्हणजे केवढा मान! मी सगळ्या वाफ्यांतून सगळ्यांत मोठे, सगळ्यांत फुललेले गोंडे निवडले. मधमाश्यांशी भांडून आणले होते ते. तू एक नजर टाकलीस आणि कपाळावर हात मारून घेतलास. "अगं, हे सगळं उमललंय. यात आता काय बघायचं? व्हायचं ते होऊन गेलं." मला रडू फुटलं तसं हाताला धरून मळ्यात नेलंस आणि दाखवलंस. कळी मिटलेली हवी, हिरवट, तांदळाच्या दाण्याहून लहान. फूल उमलल्यावर माश्या येतात, माणसं येतात, पण त्या फुलाचं खरं काम मिटल्या कळीत, कोणाला पत्ता न लागू देता, आधीच आटपलेलं असतं. तू हे इतक्या हळू आवाजात सांगितलंस की मला वाटलं, घरातली कुठली तरी झाकली गोष्ट सांगते आहेस.

ते काम प्रत्यक्ष बघायला मला आणखी चार वर्षं थांबावं लागलं. तू ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागलीस आणि एका रविवारी मला तुझ्या प्रयोगशाळेत घेऊन गेलीस. व्हिनेगरसारखा आंबूस वास, तांबडा रंग, काचेवर अंगठ्याने दाबून चपटी केलेली कळी. मी डोळा लावला. आधी काहीच दिसेना, मग गुलाबी पेशी दिसल्या आणि त्यात गडद दोरे. एका पेशीत ते जोडीजोडीने एकमेकांना बिलगून होते. शेजारच्या पेशीत तेच दोरे एकमेकांना सोडून दोन टोकांना निघाले होते.

"गुणसूत्रं," तू माझ्या कानाशी म्हणालीस. "प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. जन्मभर एका घरात राहतात आणि एकमेकांकडे ढुंकून बघत नाहीत. फक्त इथे, वेगळं व्हायच्या आधी, एकदाच जवळ येतात. आपले तुकडे एकमेकांना देतात, दुसऱ्याचे घेतात, आणि मग निघतात. अर्धी इकडे, अर्धी तिकडे."

"अर्धीच का?"

"पूर्ण दिलं तर दुसऱ्याच्या अर्ध्याला जागा कुठे राहील?"

कांद्यात आठ जोड्या असतात, माणसात तेवीस. पुस्तकात याला अर्धगुणसूत्री विभाजन, इंग्रजीत मिऑसिस म्हणतात आणि पोरं ते नाव तोंडपाठ करताना घायकुतीला येतात, हे मला पुढे कळलं. पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला होता. एवढ्याशा कळीत, आपल्या मळ्यात, आपण शेजारून हसत-खिदळत जात असताना हे चाललेलं असतं! मी तुला विचारलं, माणसांतही असंच? तू म्हणालीस, "असंच. तू अशीच आलीस." मी परत येताना बसमध्ये एक शब्द बोलले नाही. माझ्या बाबतीत ते आश्चर्यच होतं.

त्याच वर्षी माझ्या रिबिनींचा बळी गेला. तुकड्यांची अदलाबदल वर्गात दाखवायला तुला दोन रंगांचे पट्टे हवे होते. तू माझी तांबडी रिबीन आणि पांढरी रिबीन घेतलीस, मधोमध कापलीस आणि याचं टोक त्याला, त्याचं याला असं टाके घालून शिवलंस. सोमवारी मी दोन्ही वेण्यांना अर्ध्या तांबड्या, अर्ध्या पांढऱ्या रिबिनी बांधून शाळेत. बाईंनी विचारलं, हे काय सोंग? मी ताठ मानेने सांगितलं, "बाई, हे मिऑसिस आहे." तासभर उभी राहिले. घरी येऊन तुला सांगितलं तर तू पोट धरून हसलीस आणि नव्या रिबिनी मात्र काही आणून दिल्या नाहीस.

आईला तू कसं शिकवलंस ते आठवतं? आपण तिघी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. तू सहज म्हणालीस, "आई, बेबी तुझ्या लग्नाच्या आधीपासून तुझ्या पोटात होती."

आईच्या हातातली शेंग पडली. "काय बोलती गं ही! कोनी ऐकलं तं काय म्हनल!"

मग तू सांगितलंस. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या जन्मभराच्या बीजांची तयारी झालेली असते. तिथेच, त्या इवल्याशा जिवाच्या आत, गुणसूत्रांच्या जोड्या जुळतात, तुकडे दिले-घेतले जातात, आणि काम अर्ध्यावर थांबतं. मुलगी जन्मते, रांगते, शाळेत जाते, लग्न करते, ते बीज आपलं थांबलेलंच. मग कधी तरी एखाद्याला जाग येते, ते एक पाऊल पुढे सरकतं आणि पुन्हा थांबतं. पुरुषाचं बीज आत शिरलं तरच उरलेली वाटणी पुरी होते, नाही तर नाहीच. अण्णांकडचं, म्हणजे बापाकडचं वेगळं, तू म्हणालीस, पुरुषांकडे रोजचा ताजा बाजार असतो. आईने पदर तोंडाला लावला, पण ती ऐकत होती. मग म्हणाली, "मी पोटात व्हते तव्हा माझी माय हरसूलकडं भाताच्या आवनीला जायची. गुडघाभर चिखलात उभी ऱ्हायची म्हने."

"मग त्या चिखलात मी, संपत, बेबी, आम्ही तिघंही होतो, आई. अर्धे तरी."

आजी तर तुझ्याही जन्माआधी गेलेली. आपण तिला कोणीच पाहिलं नव्हतं. आई आपल्याकडे टक लावून बघत राहिली, मग म्हणाली, "मंजे भेटलेत तुमी माझ्या मायला." आणि डोळे पुसून पुन्हा शेंगा फोडायला लागली.

ताई, मी देवाधर्मात तुझ्यापेक्षा जास्त असते, हे तुला ठाऊक आहे. गडावर जाते, नवस बोलते, तू चिडवतेस. पण खरं सांगते, वणीच्या गडावर देवीसमोर उभं राहिल्यावर जे वाटतं, तेच मला त्या ओट्यावर वाटलं होतं. तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, यात देवीचा काय संबंध.

आता संपतचं. आपल्या दोघींच्या मधला, नाकासमोर चालणारा, द्राक्षाच्या बागेशिवाय दुसरं जग नसलेला आपला भाऊ. दिसायला आपल्या दोघींशी त्याचं काडीचं साम्य नाही. त्याला आणि मंगलला दोन मुली होत्या आणि तिसरीही मुलगीच झाली. तिच्या बारशाला मोठी आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तुझा. पाळण्यापाशी तू बाळाला मांडीवर घेऊन बसली होतीस. तू कानात 'कुर्र' करायचं आणि बाकीच्या बायकांनी तुझ्या पाठीत धपाटे घालायचे, म्हणून सगळ्या हात सरसावून मागे उभ्या होत्या. तेवढ्यात कोणी म्हातारी बोलली, "तिसरी बी पोरगीच. मंगलच्या नशिबातच नाय." आणि घुगऱ्या वाटत असलेला संपत, तोंडात आलं म्हणून, सहज बोलून गेला, "काय करनार, हिच्या पोटीच नाय तं."

मंगलने बाळंतिणीचा स्कार्फ डोळ्यांवर ओढून घेतला. मी पाहिलं. तूही पाहिलंस.

तू बसल्या जागेवरूनच बोललीस, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या त्या आवाजात. "संपत, मंगलकडे द्यायला एक्सच आहे. दर वेळी ती तोच देते, दुसरं तिच्याकडे नाहीच. एक्स आणि वाय अशी जोडी तुझ्याकडे आहे. तुझी बीजं तयार होताना ती जोडी फुटते. वाय ज्यात गेला त्याचा मुलगा, एक्स ज्यात गेला त्याची मुलगी. तिन्ही पोरी तुझ्यामुळे झाल्यात. मंगलमुळे नाही."

मंडपातलं कोणी तरी फिसकन हसलं. संपतच्या सासुरवाडीकडचं होतं बहुतेक. संपतने परात खाली ठेवली. "चार पाव्हन्यांत माझी लाज काढली तू," एवढं बोलला आणि बागेकडे निघून गेला. तू बाळाच्या कानात 'ओवी' असं नाव सांगितलंस आणि उठलीस. बायकांचे सरसावलेले हात खालीच राहिले. तुझ्या पाठीत एकही धपाटा पडला नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षं तुम्ही दोघं बोलला नाहीत. तुझ्या त्या जोडीतल्या गुणसूत्रांसारखे, एका घरातले आणि एकमेकांकडे न बघणारे. मी तुला सांगत होते, ताई, तू बरोबर होतीस, पण बारशात बोलायची गरज होती का? तू म्हणायचीस, "त्याने बारशातच म्हटलं होतं ना? मग उत्तर शिळं करून का देऊ?" आणि भाऊबिजेला मी ओवाळायला गेले की तो ताटाकडे बघत विचारायचा, "मास्तरीन बरी हाय ना?" मी तुला येऊन सांगायचे. तू तोंड वाकडं करायचीस आणि मग तासाभराने हळूच विचारायचीस, यंदा बागेला पाऊस लागला का गं त्याच्या. मंगल तेवढी तुला अधूनमधून फोन करत राहिली, संपत बागेत गेला की.

मग तुझं रक्त बिघडलं. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या कोणाच्या तरी अस्थिमज्जेतल्या पेशी द्याव्या लागतील, सख्ख्या भावंडांची आधी तपासणी करू. मी तर तयारच होते. माझ्या मनात शंकाच नव्हती. तुझी झेरॉक्स म्हणतात मला. तेच नाक, तोच आवाज, फोनवर तुझे विद्यार्थी मलाच "मॅडम" म्हणून सुरू व्हायचे. तुझे फ्रॉक, तुझं दप्तर, तुझे चष्म्याचे नंबरसुद्धा मी वापरलेले. माझ्याशी नाही जुळणार तर कोणाशी?

तू मला दवाखान्याच्या बाकावर बसवून समजावलंस. आजारी तू आणि शिकवणीही तुझीच. "नाक बघून जुळत नाही, बेबी. सहाव्या गुणसूत्रावर एक पट्टा आहे, शरीर आपला कोण, परका कोण ते त्यावरून ओळखतं. अण्णांकडे त्याचे दोन नमुने, त्यांनी त्यातला एक दिला. आईकडे दोन, तिने एक दिला. म्हणजे चार तऱ्हेची मुलं होऊ शकतात. माझ्यासारखं तू असण्याची शक्यता चारांत एक." मी म्हटलं, "मी आहे त्या चारांतली एक." तू माझा हात थोपटलास.

संपतला फोन मी केला. मला वाटलं, बोलणी करावी लागतील, जुनं उकरून निघेल. तो फक्त म्हणाला, "कुठं यायचं तेवढं सांग." फवारणी अर्धी टाकून आला. शर्टाला गंधकाचा वास येत होता. तू आतल्या खोलीत होतीस, तो बाहेर रक्त देऊन तुला न भेटताच निघून गेला.

निकाल आला. मी तुझ्याशी अजिबात जुळत नव्हते. अर्धीसुद्धा नाही. अण्णांनी तुला जो नमुना दिला त्याऐवजी मला दुसरा दिला, आईनेही तसंच केलं. आणि संपत, ज्याचं नाक आपल्यासारखं नाही, रंग नाही, स्वभाव नाही, तो त्या जागी तुझ्याशी तंतोतंत एक होता.

डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर मी रडले आणि तू हसायला लागलीस. धाप लागेपर्यंत हसलीस. "बघितलंस? ज्याची लाज काढली तोच निघाला माझा जोडीदार!" मला तुझा इतका राग आला होता, ताई. मी म्हटलं, "कसली अक्कल आहे या तुझ्या मिऑसिसला? सरळ सगळी भावंडं एकसारखी केली असती तर काय बिघडलं असतं? कोणीही कोणाला उपयोगी पडलं असतं."

तू हसायचं थांबवून म्हणालीस, "संपतची बाग एकसारखीच आहे. सगळी झाडं एकाच काडीपासून वाढवलेली, एका घडाची चव दुसऱ्यासारखी. म्हणून तर एका वेलीवर डावणी रोग आला की अख्खी बाग जाते, एकही वेल वेगळी नसते ना. आपण वेगवेगळे आहोत म्हणून कोणी ना कोणी उरतं. दर वेळी पत्ते नव्याने पिसले जातात. तू म्हणून जी काही आहेस ती पुन्हा कधी कोणाच्या हाती येणार नाही, बेबी. त्याचं तुला काहीच वाटत नाही?"

मी उत्तर दिलं नाही. तुला वाटलं असेल, पटलं. पटलं नव्हतं. माझं उत्तर हे होतं, की मला सगळ्या माणसांचं काही नको, मला तू हवी आहेस. माझ्यात तुझ्या उपयोगाचं काही नाही, ही गोष्ट मला गिळता येत नव्हती. हे तेव्हा बोलायचं राहिलं. नंतर बोलेन, बोलेन म्हणत राहूनच गेलं. आज बोलले.

पुण्याच्या दवाखान्यात, पेशी चढवायच्या आदल्या दिवशी संपत तुझ्या खोलीत आला. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, पायांत निळ्या पिशव्या, बुजगावण्यासारखा दिसत होता. तू पलंगावर पाठमोरी बसली होतीस, डोक्यावरचे केस गेलेले. तो दारात थबकला. मग पुढे आला आणि त्याने तुझ्या पाठीत एक धपाटा घातला. कसला धपाटा, हात नुसता टेकवला.

"बारशाचा ऱ्हायला व्हता," तो म्हणाला.

तू मागे वळलीसही नाहीस. "एवढा हळू? ओवीच्या नावाचा आहे तो." त्याने आणखी एक घातला. नर्स धावत आली आणि पेशंटला हात लावायचा नाही म्हणून त्याला ओरडली. तुम्ही दोघं चोरी पकडल्यासारखे खाली बघत बसलात. त्या दिवशीही मूळ भांडणाचा शब्द ना त्याने काढला ना तू.

पेशी चढवल्या त्या एका छोट्याशा पिशवीत होत्या. मला वाटलं होतं, केवढं काहीतरी मोठं असेल. काही महिन्यांनी तुझा फोन आला, आवाज असा की जणू तुला पहिला नंबर मिळाला आहे. "बेबी, माझा रक्तगट बदलला! बी होता, ओ झाला. संपतचा." आणि दुसऱ्याच दिवशी तू त्याला फोन लावलास, इतक्या वर्षांनी, स्वतःहून. मी शेजारीच होते. "संपत, माझ्या रक्तात आता वाय सापडतो. तुझा. म्हणजे अण्णांचा. अण्णांनी मला देताना जो मागे ठेवला होता, तो तुझ्याकडून फिरून माझ्याकडे आला."

तिकडे संपतने फवारणीचा पंप बंद केला. मग म्हणाला, "मंग आता राखी कोनी कोनाला बांधायची?"

त्या राखीला तो तुझ्या गंगापूर रोडच्या फ्लॅटवर आला. मंगलला आणि तिन्ही पोरींना घेऊन आला. त्या वर्षभरात मी तुला जितकं बघितलं तितकं लहानपणीही बघितलं नव्हतं. तुझ्या गालांवर पुन्हा रंग आला होता आणि मला राहून राहून वाटायचं, हा रंग कुठून निघाला आहे! आजीच्या पोटात जुळलेल्या जोड्या, पुढे किती वर्षांनी फुटल्या. एकदा तुझ्या वेळी, एकदा संपतच्या वेळी. आईकडून आणि अण्णांकडूनही. आणि कोणी ठरवलेलं नसताना त्या एका जागी दोन्ही वेळा तोच वाटा पडला. त्यावर तुझा तो एक उन्हाळा, एक पावसाळा, एक दिवाळी उभी राहिली. मी माझ्या न जुळण्याचा राग कधी सोडला ते मला कळलंही नाही. त्याच्या जागी जे आलं त्याला नाव देता येत नाही. तुझ्या पायाशी बसून तू पोरींना शिकवतेस ते बघत बसायचे, एवढंच.

मग थंडीत तुझ्या छातीत कफ झाला आणि तो वाढतच गेला. डॉक्टरांनी काही करायचं बाकी ठेवलं नाही. शेवटी तुला बोलता येत नव्हतं, एका बाजूला मी बसले होते आणि दुसऱ्या बाजूला संपत. तू दोन्हीकडे आळीपाळीने बघत होतीस. नेहमीसारखी काहीतरी टिप्पणी करशील असं मला अगदी शेवटपर्यंत वाटत राहिलं.

आता मुद्द्यावर येते.

गेल्या रविवारी दुपारी मी तुझा फ्लॅट आवरत होते. तुझा जुना मायक्रोस्कोप, तांबड्या रंगाची बाटली आणि काचपट्ट्या कपाटात नीट होत्या. डब्यात माझ्या रिबिनीही सापडल्या, टाके अजून शाबूत. त्या मी घेतल्यात, विचारायचं कोणाला. तेवढ्यात संपत, मंगल आणि ओवी आले. संपतच्या हातात ओल्या पंच्यात गुंडाळलेले डोंगळे होते.

"दाखव मला," तो म्हणाला. "ताई काय बघत व्हती ते."

मी पंचा उघडला आणि मला हसू आवरेना. सगळे टप्पोरे, पूर्ण उमललेले गोंडे. शेतकरी माणूस, मळ्यातला सगळ्यांत चांगला माल निवडून आणलेला. मी अगदी तुझ्यासारखा कपाळावर हात मारून घेतला. "अरे, हे सगळं होऊन गेलंय." त्याचा चेहरा इतका उतरला की मला माझी पाचवी आठवली. मग मी गोंडा उलटासुलटा केला, फुलं बाजूला सारून आत बघितलं, तर तळाशी मिटलेल्या कळ्या होत्या. हिरवट, तांदळाच्या दाण्याहून लहान. तू मला हे कधी सांगितलंच नव्हतंस. उमललेल्याच गोंड्यात अजून न उमललेलं असतं.

तू कळ्या दिवसभर द्रावणात ठेवायचीस, आम्हाला कुठला धीर. तशाच फोडल्या, रंग घातला, अंगठ्याने दाबल्या. पहिल्या तीन-चार काचा वाया गेल्या. मग एका पेशीत ते दिसलं. आठ दोरे इकडे निघालेले, आठ तिकडे.

संपतने डोळा लावला आणि काढलाच नाही. फवारणीच्या पंपाशी झटणारा, जागेवर क्षणभर न ठरणारा माणूस, कमरेत वाकून तसाच उभा राहिला. कितीतरी वेळाने म्हणाला, "कोन ठरवतं हे? कोनता दोरा कोनीकडं जायाचा?"

"कोणीच नाही."

"आईबी नाय? बापबी नाय?"

"नाही रे. दिलं कोणाकडून ते सांगता येतं. ठरवलं कोणी, ते नाही."

तो सरळ झाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्याने पुसलं नाही. "मंगल, ये," तो म्हणाला, "तू बघ." मंगलने बघितलं, तिला नुसतं लालच दिसत होतं, तर त्याने मागून वाकून स्वतःच ते चाक फिरवलं आणि होतं तेही घालवलं. तू असतीस तर त्याच्या हातावर फटका मारला असतास. मी पुन्हा लावून दिलं. मंगल बघत असताना तो तिच्या पाठीशी उभा होता आणि ओवी मधे घुसायला धडपडत होती. मग ओवीने बघितलं, आणि ती काही बोलेचना, तेव्हा मला बसमध्ये गप्प बसलेली मी आठवले.

निघताना दारात चपला घालायच्या थांबून तो मागे वळला. समोरच्या दारात शेजारच्या काकू उभ्या होत्या, जिन्यात कोणी कोणी येत-जात होतं. त्याने आवाज खाली केला नाही. उलट चढवलाच, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा, ताई, अगदी तुझा. एक हात मंगलच्या खांद्यावर होता, दुसरा ओवीच्या डोक्यावर, आणि छाती अशी काढलेली की जणू बागेला पहिलं बक्षीस मिळालं आहे.

"बेबे," तो म्हणाला, "ताईला सांग. तिन्ही पोरी माझ्यामुळं झाल्यात."